शिरोरेषा जोडताना

हलमध्ये, हेसल रोडवर,
ऑक्सटोबींच्या पाट्यांच्या दुकानात
प्लॉटरच्या नाकाशी एक चाकू असतो,
भाताच्या शितापेक्षा लहान.
त्याला वाचता येत नाही.
रेघ दिसली की तो कापतो, एवढंच.

कुमुद घारपुऱ्यांनी इन्फर्मरी सोडली
आणि डब्यांची गाडी घेतली.
गाडीवर नाव हवं: शिदोरी.
आपल्या अक्षरांत, तांबड्यात, लांबून दिसेल असं.

पहिल्यांदा कापलं तेव्हा
शि सुटला, दो सुटला, री सुटली.
माथ्यावरची रेघ
जिथे जिथे शेजारणीच्या घरात कणभर शिरलेली
तिथे चाकू दोनदा फिरला,
आणि चिमट्याला लागून आले
विनाइलचे चौकोनी तुकडे,
टिकलीहून बारीक.

डेस्मंड ऑक्सटोबी म्हणाले, "तुमची अक्षरं
हात धरून उभी राहतात, तिथेच घोळ.
आमची बघ, आपापली सुटी."
मी म्हटलं, तुमच्या गल्लीतल्या घरांना
मधली भिंत एकच असते की.
त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. उत्तर दिलं नाही.

एक नाव हाताने जोडता येतं.
पण कुमुदताईंना अख्खी यादी हवी होती,
थालीपिठापासून अळूच्या फदफद्यापर्यंत
एकेचाळीस पदार्थ, गाडीच्या दोन्ही अंगांना.
म्हणून जेवणाच्या सुट्टीत स्क्रिप्ट लिहायला बसले.

सगळे आकार एका यादीत घे.
यादी शेवटाकडून मोज,
कारण दोघं एक झाले की यादी आखडते
आणि पुढून मोजत येणाऱ्याचा पाय
नसलेल्या पायरीवर पडतो.
याची चौकट त्याच्या चौकटीला शिवते का बघ.
शिवत असेल तर एक कर.
नसेल तर पुढे हो.

चालवली.
पडद्यावर प्रत्येक सांध्यात पांढरी खिडकी!
आकार भरण्याचा असा एक नियम असतो:
एकावर एक दोन आले
की तिथे काहीच नाही.

हा नियम मला पाठ आहे.
श्रीरंग कॅराव्हॅनच्या कारखान्यातून
रात्रपाळी करून येतो सहा चाळीसला,
मी निघते साडेसातला.
मधली पन्नास मिनिटं दोघांची,
आणि त्यात आम्ही बोलतो
आज निळा डबा बाहेर ठेवायचा की तपकिरी.

नियम बदलला. सांधे भरले.
मग दिसलं, एक झाल्यावर
वरच्याचा रंग राहतो, वरच्याचं नाव राहतं,
खालचं नाव लेयरच्या यादीतून पुसलं जातं.
मी दोन ओळी वाढवल्या:
खालच्याचं नावही कुठेतरी लिहून ठेव.
"ते कशाला?" डेस्मंडनी विचारलं.
असू दे, म्हटलं.

शनिवारी पहाटे यार्डात गाडीवर चिकटवायला घेतलं.
हंबरवरून वारा असा
की ट्रान्सफर टेप माशासारखी फडफडत होती.
श्रीरंग कामावरून थेट तिथेच आला,
कपडे न बदलता,
अंगाला गोंदाचा आणि प्लायवुडचा वास.
त्याने दोन्ही तळव्यांनी टेप दाबून धरली.
मी रबराने घासत गेले, डावीकडून उजवीकडे,
त्याच्या बोटांपर्यंत, मग त्याच्या बोटांमधून.

टेप सोलली. रेघ अखंड.
एक ओळ खाली तो थांबला.
"कादेपोहे?"

टिंब गेलं होतं.
चौकटी शिवत होत्या, आकार नव्हते,
त्यामुळे ते कुणाशीच जोडलं गेलं नाही
आणि सोलताना कचऱ्यात गेलं.
मी बाकीच्या तांबड्या पट्टीतून
नखकात्रीने एक वाटोळं कापलं,
त्याने फोनचा उजेड धरला,
बोटाच्या टोकावरून लावलं.
जरा उजवीकडेच बसलं, दे-च्या अंगावर रेललेलं.

कुमुदताई चष्मा वर करून जवळ आल्या.
म्हणाल्या, राहू दे गं,
भूक लागलेल्याला वाचता येतंय.